चिखल उपसण्यापासून किल्ली देण्यापर्यंत: वादळानंतर सेवेला जाणाऱ्या नवख्यांसाठी

२५ ऑगस्ट २०१७ ला गणेश चतुर्थी होती. ह्यूस्टनमधल्या मराठी घरांत आरत्या झाल्या, मोदक झाले, आणि त्याच रात्री दहाच्या सुमारास हार्वे वादळ टेक्सासच्या किनाऱ्यावर रॉकपोर्टजवळ धडकलं. चौथ्या श्रेणीचं होतं. पण ह्यूस्टनला वाऱ्याने नाही, पावसाने बुडवलं. वादळ पुढे सरकेचना. नेदरलँड नावाच्या गावात त्या काही दिवसांत ६०.५८ इंच, म्हणजे दीड हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस मोजला गेला. २६ जुलै २००५ ला मुंबईत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता. ती रात्र ज्यांनी लोकलमध्ये किंवा गुडघाभर पाण्यात काढली, त्यांना आकड्यांचा अर्थ सांगायला नको.

आमचं घर ह्यूस्टनच्या पश्चिमेला, केटीत. ते वाचलं. बार्कर जलाशयाच्या मागच्या बाजूला असलेली, आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावरची घरं वाचली नाहीत. पाचव्या दिवशी बादलीत विसर्जन केलं आणि सहाव्या दिवशी मी एका चर्चच्या पार्किंगमध्ये रबरी बूट घालून उभी राहिले. कोणाला काय विचारायचं हे कळत नव्हतं. तेव्हापासून वर्षातले काही शनिवार या कामाला देते आहे. त्या पहिल्या सकाळी कोणी मराठीत चार गोष्टी नीट सांगितल्या असत्या तर किती बरं झालं असतं, असं अजून वाटतं. त्या चार गोष्टी इथे लिहिते आहे. नुकतेच अमेरिकेत आलेले विद्यार्थी, नोकरदार, व्हिसावर घरी असलेल्या मैत्रिणी, आणि वादळ आल्यावर 'आपण काय करू शकतो' असं विचारणारं प्रत्येक महाराष्ट्र मंडळ माझ्या डोळ्यांसमोर आहे.

पायरी १: कधी जायचं ते आधी ठरवा

वादळानंतरच्या कामाचे ढोबळ तीन टप्पे असतात. पहिला सुटकेचा. तो प्रशिक्षित लोकांसाठी आहे, त्यात आपण जाऊ नये. दुसरा सफाईचा, पहिल्या काही आठवड्यांचा. तिसरा पुनर्बांधणीचा, आणि तो दोन-दोन, तीन-तीन वर्षं चालतो.

गर्दी होते ती दुसऱ्या टप्प्यात. टीव्हीवर चित्रं असतात, ऑफिसं सुट्टी देतात, शाळा बंद असतात. चौथ्या आठवड्यात लोक आपापल्या कामाला लागतात आणि बुडालेल्या घरातला माणूस उघड्या लाकडी सांगाड्यात एकटा उरतो. भिंती काढून झालेल्या, आत एक गादी, एक मायक्रोवेव्ह, एक पंखा. अशा घरात लोक सहा-सहा महिने राहिलेले मी पाहिले आहेत. म्हणून माझं पहिलं सांगणं हे की वर्षाला चारच शनिवार देऊ शकत असाल, तर एक पहिल्या महिन्यात द्या आणि तीन सहाव्या महिन्यानंतर. तेव्हा फोन केला की पलीकडचा माणूस मनापासून सुस्कारा टाकतो.

पायरी २: कोणाबरोबर जायचं

एकट्याने गाडी काढून जाऊ नका. रस्ते बंद असतात, पेट्रोलची टंचाई असते, आणि नोंद नसलेला माणूस दारात आला की आधीच घाबरलेलं घर आणखी घाबरतं. कोणत्या तरी संस्थेच्या यादीत नाव घालून जा.

अमेरिकेत आपत्तीनंतरचं बरंचसं श्रमदान धार्मिक संस्था करतात हे आपल्याकडून येणाऱ्याला पटकन लक्षात येत नाही. १९६९ मध्ये कॅमिल वादळ आलं. तेव्हा अनेक संस्था मदतीला धावल्या, पण एकमेकींना न विचारता. एका ठिकाणी तीच मदत तीनदा पोचली, दुसरीकडे एकदाही नाही. त्या अनुभवातून १९७० मध्ये या संस्थांनी एक राष्ट्रीय मंच उभा केला. त्याला नॅशनल व्होअॅड म्हणतात आणि प्रत्येक राज्यात त्याची शाखा असते.

गेल्या काही दशकांत या संस्थांत कामाची वाटणी आपोआप पक्की होत गेली. वारीत जशी प्रत्येक दिंडीची जागा ठरलेली असते, पाणी कोण आणणार आणि स्वयंपाक कोण रांधणार हे विचारावं लागत नाही, तसंच. बाप्टिस्ट, अॅडव्हेंटिस्ट, मेथडिस्ट, मेनोनाइट हे सगळे ख्रिस्ती पंथ. त्यांतली सदर्न बाप्टिस्ट मंडळी पिवळे शर्ट घालून हजारो लोकांचं जेवण शिजवतात आणि ते रेड क्रॉसच्या गाड्या घरोघर नेतात. चिखल काढायलाही तेच पुढे असतात. सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट देणगीत आलेल्या मालाची गोदामं सांभाळतात. मेथडिस्टांची समिती कागदपत्रांच्या जंजाळात कुटुंबाचा हात धरणारे लोक तयार करते. कॅथलिकांची सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी घर परत उभं राहिल्यावर आतला पलंग, टेबल, भांडी पुरवते. मेनोनाइट डिझास्टर सर्व्हिस १९५० मध्ये कॅन्सस राज्यात सुरू झाली. ती मंडळी घरं बांधतात, तेही सगळे निघून गेल्यावर येऊन. नेखामा ही ज्यू संस्था सफाईत निष्णात आहे. तैवानमधून आलेली त्झू ची ही बौद्ध संस्था आहे. इस्लामिक रिलीफ आहे. हार्वेत ह्यूस्टनच्या मशिदींनी दारं उघडून लोकांना आसरा दिला. आपल्याला सगळ्यात जवळची सेवा इंटरनॅशनल. तिचं अमेरिकेतलं मुख्यालय ह्यूस्टन परिसरातच आहे.

मी हिंदू, मग चर्चच्या गटात कशी जाऊ, असं मला अनेकींनी विचारलं आहे. खुशाल जा. काही ठिकाणी नेतृत्वाच्या जागेसाठी आपल्याच पंथाचा माणूस मागतात, पण फावडं हातात देताना धर्म कोणी विचारला, असं माझ्या बाबतीत एकदाही झालं नाही. जवळच्या चर्च, मंदिर, गुरुद्वाऱ्यात चौकशी करा किंवा क्रायसिस क्लीनअप या व्यवस्थेत कोणत्या संस्था नोंदलेल्या आहेत ते पाहा. पूरग्रस्त एका नंबरवर फोन करतात, त्यांचं काम नकाशावर दिसतं, आणि जी संस्था ते घेईल तिच्या नावावर लागतं. त्यामुळे एकाच घरी तीन टोळ्या आणि शेजारी कोणीच नाही, असं कमी होतं.

पायरी ३: कागद

काम खऱ्या अर्थाने विनामोबदला असलं पाहिजे. विद्यार्थी व्हिसावर किंवा एच-१बी, एच-४ वर असाल तर मानधन, भत्ता असं काही स्वीकारू नका. विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला आधी विचारावं, एका ईमेलचं काम आहे. अमेरिकोर नावाच्या सरकारी योजनेत भत्ता मिळतो, पण ती नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांसाठी आहे. तिच्या टेबलावर चुकून सही करू नका.

आरोग्य विम्याचं कार्ड जवळ ठेवा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवत नसेल तर जायच्या आधी डॉक्टरांना विचारून घ्या. लहान मुलांना हौसेने नेऊ नका. सफाईच्या कामाला अनेक ठिकाणी १८ वर्षांची अट असते.

आणि हजेरीच्या कागदावर येण्याची-जाण्याची वेळ लिहायला कधीही विसरू नका. नवखे लोक ते टाळतात, 'आम्ही काही नावासाठी आलो नाही' म्हणतात. त्या कागदाला किंमत आहे. आपत्तीनंतर सार्वजनिक कामांसाठी फेमा, म्हणजे केंद्राची आपत्ती यंत्रणा, साधारणपणे ७५ टक्के खर्च उचलते आणि उरलेला वाटा स्थानिक सरकारला भरावा लागतो. नियमात बसणारे स्वयंसेवकांचे नोंदलेले तास त्या वाट्यात पैशासारखे धरले जातात. तुमचा सहा तासांचा घाम एखाद्या गरीब काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, खात्यात जमा होऊ शकतो, पण सही असेल तरच.

पायरी ४: अंगावर आणि पिशवीत काय

जाड तळव्याचे बूट, शक्यतो पोलादी चवडा-तळवा असलेले. खिळे वर तोंड करून पडलेले असतात. लांब बाह्यांचा जुना शर्ट, जाड पँट, चामडी हातमोजे आणि त्यांच्या आत रबरी. डोळ्यांना सुरक्षा चष्मा. नाकाला एन-९५ मास्क. कापडी मास्क बुरशीपुढे कुचकामी आहे. पाणी तुम्हाला वाटतं त्याच्या दुप्पट, आणि मीठ-साखरेची पुडी. टेक्सासच्या सप्टेंबरमध्ये वीज नसलेल्या घरात लोक उन्हाने नाही, उकाड्याने कोसळतात. २० मिनिटं काम, मग सावली, हा नियम टोळीप्रमुख लावतील; तो पाळा.

पुराचं पाणी म्हणजे गटाराचं पाणी. खरचटलं तर लगेच साबणाने धुवा, झाका, आणि ताप किंवा सूज आली तर रात्र जाऊ देऊ नका. लाल मुंग्या पुरात गोळे करून तरंगतात आणि ओल्या ढिगाऱ्यात ठाण मांडतात. साप कपाटाच्या खालच्या कप्प्यात बसतो. हात घालण्याआधी काठीने ठोका. जनरेटर घरापासून निदान २० फूट लांब, दारं-खिडक्यांपासून दूर. गॅरेजचं दार उघडं ठेवलं म्हणून गॅरेजमध्ये चालत नाही. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो आणि वादळानंतर माणसं त्याने जातात.

जेवणाचं आधीच सांगा. शाकाहारी आहात असं नाव नोंदवताना लिहिलं तर चर्चच्या स्वयंपाकघरातल्या बायका जिवापाड काळजी घेतात. ऐन वेळी सांगितलं तर फक्त पाव आणि चिप्स वाट्याला येतात आणि त्यांना उगीच अपराधी वाटतं. मी पोळीभाजीचा डबा नेते आणि चार पोळ्या जास्त नेते.

पायरी ५: उंबरठ्यावर

माझ्या मते हे कामातलं सगळ्यात अवघड पाऊल आहे, म्हणून जरा सावकाश सांगते.

पहिल्यांदा गेले तेव्हा आमची टोळी तरुण होती. दार उघडल्याबरोबर सगळे आत शिरले आणि सामान बाहेर काढायला लागले. उत्साह दांडगा. दोन तासांत बैठकीची खोली रिकामी. घरातल्या आजी ओसरीवर खुर्चीत बसून होत्या. बाहेर रस्त्याकडेला ढीग वाढत होता आणि त्या एकटक तिकडे पाहत होत्या. मग उठल्या, ढिगापाशी गेल्या आणि वाकून काहीतरी शोधायला लागल्या. फोटोंचा अल्बम होता, चिखलाने चिकटलेला. तो फेकणारा हात माझा होता. मला वाटलं होतं, याचं आता काय राहिलं आहे.

तेव्हापासून मी आत पाऊल टाकण्याआधी घराच्या माणसाजवळ बसते. पाच मिनिटं, कधी वीस. तीन प्रश्न विचारते. तुम्हाला काय जपायचं आहे? कोणत्या खोलीत आम्ही जाऊ नये? फेकण्याआधी वस्तू कोणाला दाखवायची? त्या बोलण्यात टोळीप्रमुख प्रवेशाच्या परवानगीच्या कागदावर मालकाची सही घेतो. भाडेकरू असेल तर मालक वेगळा, हे लक्षात ठेवा. सहीशिवाय भिंतीला हात नाही.

त्यांच्यासमोर 'कचरा' हा शब्द तोंडातून जाऊ देऊ नका, कोणत्याच भाषेत. 'मला समजतं तुम्हाला काय वाटतंय' असंही म्हणू नका. गप्प बसून ऐकलेलं चालतं. ओले फोटो एकमेकांपासून ओढून काढू नका. स्वच्छ पाण्याने हलकेच धुऊन, मधे मेणकागद घालून, पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवले तर ते टिकतात आणि सावकाश सोडवता येतात. आपल्या गाडीत एक बर्फाची पेटी ठेवा, फक्त फोटोंसाठी.

आणि काहीही हलवण्याआधी छायाचित्रं काढून घ्या. प्रत्येक खोली, भिंतीवरची पाण्याची रेघ, फ्रिज-धुलाईयंत्राचे अनुक्रमांक, गालिच्याचा एक तुकडा कापून बाजूला. आपल्याकडे तलाठी पंचनाम्याला येईपर्यंत घर झाडायचं नाही हे जसं गावात पोराटोरांनाही माहीत असतं, तसंच. इथे नेहमीच्या घरविम्यात पुराचं नुकसान धरत नाहीत, त्याचा विमा वेगळा असतो, आणि हार्वेत बुडालेल्या बहुतेक घरांकडे तो नव्हता. ज्यांच्याकडे आहे त्यांचा पुरावा तुमच्या उत्साहापायी रस्त्यावर जाता कामा नये.

कशाचंही वचन देऊ नका. 'आम्ही पुढच्या आठवड्यात येऊन भिंती लावून देऊ' हे वाक्य सहज निघतं आणि ऐकणारा त्यावर दिवस मोजतो.

पायरी ६: घर उकलणं

वीज मुख्य खटक्यावरून बंद आहे आणि गॅस बंद आहे याची खात्री टोळीप्रमुखाने करायची. मग आधी मोकळं सामान, नंतर ओले गालिचे, नंतर भिंती.

फ्रिज उघडू नका. दाराला चिकटपट्टीचे चार वेढे घाला आणि तसाच बाहेर न्या. ज्यांनी एकदा उघडला आहे त्यांना हे दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

इथल्या भिंती विटांच्या नसतात. लाकडी उभ्या दांड्यांचा सांगाडा, त्यावर दोन्ही बाजूंनी ड्रायवॉल म्हणजे जिप्समचे कागदी तक्ते, मधे कापसासारखं इन्सुलेशन. तक्ता ओल शोषून वर चढवतो. म्हणून पाण्याची रेघ जिथे दिसते त्याच्या निदान एक फूट वर कापायचं. तक्ते चार फूट रुंद आणि बहुधा आडवे लावलेले असतात, त्यामुळे अनेक टोळ्या सरसकट चार फुटांवर कापतात; पुढे नवा तक्ता अख्खा बसतो, तुकडे जोडावे लागत नाहीत. खडूने सरळ रेघ मारा, सुरीचं पातं जेमतेम तक्त्याच्या जाडीइतकं बाहेर ठेवा, कारण मागे तारा आणि नळ असतात. मग पहार घालून मोठे तुकडे काढा. हातोड्याने भिंत फोडण्यात मजा वाटते, पण भुगा दहापट होतो आणि तो कोणाला तरी घमेल्याने भरावा लागतो. १९७८ च्या आधी बांधलेलं घर असेल तर रंगात शिसं असू शकतं. जुन्या फरशांत अॅस्बेस्टॉस असू शकतं. प्रमुखाला विचारल्याशिवाय तिथे घासू नका, तोडू नका.

इन्सुलेशन काढलं की दांड्यांतले खिळे आणि स्क्रू एकेक उपसायचे. हे कंटाळवाणं काम कोणी मागत नाही. नवख्यांनी ते मागून घ्यावं. नवे तक्ते लावणाऱ्याच्या हातात तुमचा राहिलेला प्रत्येक खिळा येतो.

रस्त्याकडेला ढीग वेगवेगळे लावतात: बांधकामाचा राडारोडा, झाडं-फांद्या, मोठी यंत्रं, टीव्ही-संगणक, रंग-रसायनं, आणि बाकीचं घरगुती. सगळं एकत्र केलं तर ट्रक ते उचलत नाही. पाण्याचा मीटर, आगीचा नळ आणि पत्रपेटी मोकळी ठेवा.

गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. शेवटच्या तासात मी झाडू घेते. उघडा पडलेला सांगाडा का असेना, झाडलेला असला की घरातला माणूस आत येऊन उभा राहतो. न झाडलेल्या घरात तो येत नाही.

पायरी ७: वाळवणं

ओल्या वस्तूवर २४ ते ४८ तासांत बुरशी धरते. सांगाडा साबणपाण्याने घासायचा, बुरशीनाशक फवारायचं, आणि पंखे लावून थांबायचं. ब्लीच आणि अमोनिया कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो. ब्लीचचा वास आला म्हणजे बुरशी गेली असंही नाही. लाकडाच्या आत ती तशीच राहते. ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं. साधारण १५ टक्क्यांच्या खाली आकडा येईपर्यंत भिंत बंद करायची नाही, मग त्याला तीन आठवडे लागोत की सहा. घाईने झाकलेली भिंत वर्षभरात पुन्हा उघडावी लागते, आणि दुसऱ्यांदा कोणी देणगी देत नाही.

पायरी ८: खरं काम, म्हणजे पुनर्बांधणी

इथे येईपर्यंत बातम्या संपलेल्या असतात. आता शहरात किंवा काउंटीत एक दीर्घकालीन पुनर्वसन गट तयार होतो. चर्च, मंदिरं, मशिदी, स्थानिक संस्था एका टेबलाभोवती बसतात. प्रत्येक कुटुंबामागे एक प्रकरण-व्यवस्थापक असतो. तो आधी पाहतो की विम्याचे, फेमाचे, सरकारी कर्जाचे पैसे किती आले. तरी जे भागत नाही ते टेबलावर मांडतो. मग एक संस्था म्हणते छपराचं सामान आमचं, दुसरी म्हणते सहा आठवडे सुतार आमचे, तिसरी म्हणते दोन हजार डॉलर आमचे. अशा बैठकीला एकदा तरी गप्प बसून हजर राहा. एका खोलीत रब्बाय, पाद्री, इमाम आणि आपली एखादी काकू एकाच आजीच्या स्वयंपाकघराच्या ओट्याची लांबी मोजताना पाहिली की पुष्कळ गोष्टी कळतात.

मदत अडते कुठे, तेही तिथेच कळतं. ईशान्य ह्यूस्टनमध्ये, काशमियर गार्डन्ससारख्या जुन्या कृष्णवर्णीय वस्त्यांत, घर अजून आजोबांच्या नावावर असतं. मृत्युपत्र झालेलं नाही, वारस पाच गावांत. सातबाऱ्यावर पणजोबांचं नाव असल्यामुळे ज्यांचा अनुदानाचा अर्ज परत आला आहे, त्यांना हे दुखणं लगेच कळेल. त्यासाठी वकील लागतो, आणि तुमच्या ओळखीत एखादा असेल तर त्याचे चार तास तुमच्या चाळीस तासांइतके मोलाचे आहेत. दुसरी अडचण पन्नास टक्क्यांची. पूररेषेतल्या घराच्या दुरुस्तीचा खर्च घराच्या किमतीच्या निम्मा किंवा त्याहून जास्त असेल तर घर आजच्या नियमांप्रमाणे, म्हणजे बहुधा उंच उचलून, बांधावं लागतं. ह्यूस्टनच्या मेयरलँड वस्तीत २०१५, २०१६ आणि २०१७ अशी ओळीने तीन वर्षं पाणी शिरलं. तिथे आज खांबांवर उचललेली घरं आणि रिकामे प्लॉट शेजारी-शेजारी दिसतात.

आणखी एक. घरात कोणाकडे अमेरिकेत राहण्याचे कागद आहेत, कोणाकडे नाहीत, हे आपण कधीही विचारायचं नाही.

तुम्हाला सुतारकाम येत नसलं तरी चालतं. तक्ते धरून उभं राहणं, सांधे भरल्यावर पॉलिश पेपरने घासणं, रंग देणं, फरशी ओढून आणणं, हे एका सकाळी शिकता येतं. रंगाचा ब्रश देतील तेव्हा चिकटपट्टी लावण्यात वेळ घाला. वीज आणि नळाचं काम परवानाधारकाचं. आणि तपासणी अधिकारी येऊन सही करेपर्यंत एकही भिंत झाकू नका. एका चर्चच्या टोळीने भल्या मनाने शनिवारी सगळ्या भिंती बंद केल्या आणि सोमवारी आतली तार दाखवण्यासाठी त्या कापाव्या लागल्या, हे मी स्वतः पाहिलं आहे. त्या दिवशी घरातली आई रडली नाही, नुसती बसून राहिली.

शक्य असेल तर आठवडाभर जा. दूरच्या गावी काम करणाऱ्या संस्थांकडे राहायची साधी सोय असते, चर्चच्या हॉलमध्ये खाटा, सामायिक न्हाणीघर, पहाटे न्याहारी. पेन्सिल्व्हेनियातला शेतकरी, कॅनडातले निवृत्त आजोबा आणि तुम्ही एकाच टोळीत पाच दिवस काम करता. शनिवारी जे शिकायला तीन महिने लागतात ते तिथे बुधवारपर्यंत हातात बसतं.

श्रद्धेबद्दल

सकाळी काम सुरू होण्याआधी टोळी गोल उभी राहून प्रार्थना करते. तुम्ही नुसतं डोळे मिटून उभं राहिलात तरी पुरे. मी मनातल्या मनात 'शुभं करोति' म्हणते. कोणी विचारलं तर सांगते, आणि बहुतेकांना ते ऐकायला आवडतं.

उलट बाजूने मात्र आपल्यावर बंधन आहे. ज्याचं घर गेलं आहे तो त्या क्षणी कशालाही हो म्हणेल. त्याच्या त्या अवस्थेचा फायदा घेऊन आपला धर्म, आपला गुरू, आपलं पत्रक पुढे करायचं नाही. व्होअॅडच्या संस्थांनीही हे आपसांत लिहून मान्य केलेलं आहे. त्याने स्वतः 'माझ्यासाठी प्रार्थना कर' म्हटलं तर त्याच्या शब्दांत करा. त्याने 'देव कुठे होता' विचारलं तर उत्तर द्यायला जाऊ नका. तो उत्तर मागत नसतो.

मंडळांसाठी थोडं

जुने कपडे गोळा करू नका. ओल्या गोदामात कपड्यांचे डोंगर साचतात आणि ते निस्तरायला माणसं लागतात. पैसे द्या, दुकानांची गिफ्ट कार्डं द्या, किंवा एक घर दत्तक घ्या. दर शनिवारी आठ जणांची टोळी, एक अनुभवी प्रमुख, दोघी जेवणाला. अमेरिकेतला वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि त्याचा जोर ऐन गणपतीच्या दिवसांत असतो. म्हणून प्रशिक्षण एप्रिल-मे मध्येच उरका. उत्सवाच्या वर्गणीतला थोडा भाग मास्क, पहारी आणि हातमोज्यांसाठी बाजूला काढा.

शेवटच्या दिवशी

घर पूर्ण झालं की छोटासा कार्यक्रम असतो. आपल्या वास्तुशांतीसारखाच, फक्त सत्यनारायणाऐवजी दोन प्रार्थना आणि केक. मेनोनाइट मंडळी अनेकदा हाताने शिवलेली गोधडी देतात. हो, गोधडीच, ठिगळांची, कितीतरी बायकांनी मिळून शिवलेली. बोलावणं आलं तर जरूर जा. फोटो काढायचा असेल तर आधी विचारा. भाषण करू नका. इतके महिने त्या घरात आपण चिखलाचे बूट घालून, न विचारता या खोलीतून त्या खोलीत फिरलेलो असतो. त्या दिवशी घंटी वाजवा, आतून 'या' म्हणेपर्यंत थांबा, आणि बूट बाहेर काढा.